तळ्याकडचा रस्ता

आमच्या जिन्यात तिला सगळे 'शिट्टी' म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण! शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहलीच्या बस असतात ना, धबधबा, दरी, जंगल, तळं, सगळं एका दिवसात उरकून माणसाला अर्धमेला करून घरी सोडतात, त्या बसमध्ये ही गाईड. गळ्यात शिट्टी, हातात माईक, पायात झिजलेले बूट.

मी तळमजल्यावर राहते. शिवणाचं मशीन दारातच आहे, त्यामुळे जिन्यातून कोण चढलं, कोण उतरलं, कोण कुणावर रुसलं, हे मला विचारायचं. लोक म्हणतात, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाही भिजत. मग काय करू, तोंड शिवून टाकू? शिवणकाम करते म्हणून काय झालं!

तर आज शिट्टीची गोष्ट सांगते. तिच्या वडलांना एक तळं बघायचं होतं. मुलीबरोबर उभं राहून, एकदाच. एवढीच त्या माणसाची हौस. आणि आठवड्यातून चार वेळा परक्यांना तेच तळं दाखवणाऱ्या पोरीच्या हातून तेवढं झालं नाही. त्यांच्या मनातलं तेव्हा तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ते पुढे कळलं, पण बैल गेला आणि झोपा केला, असं झालं ते.

वडील गवंडी. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणते. उभा जन्म दगड, विटा आणि ओळंब्यात गेला. बोलणं मोजकं आणि सरळ. 'भिंत कशी आहे मिस्त्री?' विचारलं तर 'वाकडी आहे' म्हणणार, मग घरमालक समोर का असेना. त्यापायी कामं गेली, पण माणूस बदलला नाही. बायको लवकर गेली. पोरीला एकट्याने वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घालायचे. त्यांनी घातलेली वेणी दोन दिवस सुटायची नाही, आणि ती बिचारी पोर डोळे ताणून शाळेत जायची.

शिट्टीचा आवाज लहानपणापासूनच खणखणीत. कॉलेज झालं तसं मिस्त्रींनी चार ठिकाणी शब्द टाकून तिला एका कार्यालयात चिकटवलं. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. मिस्त्रींना वाटलं, आपण उन्हात काढले ते दिवस पोरीला नकोत. हिने ती नोकरी सोडली आणि सहलीच्या बसवर चढली. का, तर म्हणे, खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसते, दुसरं काही दिसत नाही. झालं! त्या दिवशी घरात जो भडका उडाला तो खाली माझ्या मशीनपर्यंत ऐकू आला.

"शिट्ट्या फुंकायला शिकवलं होतं तुला?" मिस्त्री म्हणाले.

"माझं मी बघून घेईन," ती म्हणाली.

दोन्ही वाक्यं साधीच, पण दोघंही एकाच दगडाची. पुढे कितीतरी दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं. 'दूध आलंय.' 'दिवा घालव.' मला जाता येता दिसायचं, राग यायचा. मी तिला म्हटलंही, "अगं, बाप आहे तो, पायरीचा दगड नाही, रोज ओलांडून जायला." तर म्हणाली, "काकू, त्यांना सांगा ना." आणि मिस्त्रींना सांगावं तर ते म्हणायचे, "वहिनी, तुमचं शिवण बघा." म्हणजे मीच मधल्या मध्ये मूर्ख.

पण कामात शिट्टी हुशार, हे मान्य करायलाच हवं. कुणाला बस लागते, कुणाला पुढची जागा हवी, कोणतं जोडपं हरवणार, हे ती चढतानाच ओळखते. धबधब्याशी उभी राहून ती लोकांना असं काही सांगते की पाणी नसलं तरी भिजल्यासारखं वाटावं. यातलं निम्मं रचलेलं असतं. दरीच्या टोकावरून कुणीतरी घोडा उडवला होता म्हणे. तळ्याच्या काठाला दगडी कठडा आहे, तो एका राजाने राणीला बसायला बांधला म्हणे. मी विचारलं, "कुठला गं राजा?" तर हसून म्हणाली, "काकू, राजा म्हटलं की लोक फोटो काढतात."

आता त्यांच्या धंद्यातली एक खोड सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. तळं हे शेवटचं ठिकाण आणि सगळ्यात लांबचं. सकाळी शहरातून निघतानाच गर्दीत उशीर झाला, कुणी फोटोंत रमलं, कुणी पोरांना शोधत बसलं, की तळ्याला वेळ उरत नाही. मग ते तळं कापतात. 'कापतात' हाच त्यांचा शब्द. पण 'वेळ नाही' असं सांगितलं तर लोक भांडतात, म्हणून बसच्या मालकानेच शिकवून ठेवलंय: दरड कोसळली म्हणायचं. देवाच्या करणीपुढे कोण भांडणार? ड्रायव्हर आरशातून बघून मान हलवतो, गाईड माईक उचलते, चेहरा पाडते आणि सांगते, "पुढे दरड कोसळल्यामुळे तळ्याकडचा रस्ता बंद आहे." लोक अरेरे म्हणतात आणि झोपतात. सगळे गाईड करतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एका सकाळी शिट्टी बसच्या दारात उभी राहून लोकांना चढवत होती, तर रांगेत मिस्त्री. इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री, हातात तिकीट. आदल्या दिवशी काउंटरवर जाऊन चारचौघांसारखं काढलेलं.

"बाबा? तुम्ही इथे?"

"तिकीट काढलंय," मिस्त्री म्हणाले आणि मागच्या खिडकीपाशी जाऊन बसले.

तिला वाटलं, आले चुका काढायला. ओळंबा घेऊन भिंत तपासायला यावं तसे आले, असंच ती मला संध्याकाळी म्हणाली. म्हणून दिवसभर तीही ताठ. बाकीच्या प्रवाशांना बिस्किटं विचारली, पाणी विचारलं, ह्यांना तेवढंच विचारलं जेवढं परक्याला विचारतात. धबधब्याशी मिस्त्री पाणी सोडून तिच्याकडेच बघत होते, तर ती माईक घेऊन पलीकडे सरकली. मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. शिट्टी वाजली की सगळ्यात आधी बसमध्ये येऊन बसणारा माणूस कोण, तर मिस्त्री. जंगलातल्या पायवाटेवर लोक पाखरं बघत रेंगाळले, हे गुडघे धरत धरत पहिले परत. दरीच्या टोकाशी चहा होता, हे चहा अर्धा टाकून परत. तिला वाटलं, कंटाळले.

कंटाळले कसले! त्यांना तळ्याशी पोचायचं होतं. आपल्यामुळे उशीर व्हायला नको, म्हणून तो म्हातारा दिवसभर धावत होता.

उशीर व्हायचा तो झालाच. एका बाईची पर्स धबधब्याशी राहिली, ती आणायला बस मागे गेली. एका नव्या जोडप्याचे फोटो संपता संपेनात. ड्रायव्हरने आरशातून मान हलवली. शिट्टीने माईक उचलला. आणि नेहमीचं वाक्य, नेहमीच्या आवाजात म्हणाली.

त्या दिवशी बसमध्ये एक चौकस गृहस्थ होते. प्रत्येक बसमध्ये एक असतोच. त्यांनी फोन वर धरला आणि म्हणाले, "यात तर रस्ता चालू दाखवतोय. दरड बिरड काही नाही. आम्हाला काय बनवताय का?" झालं, बसभर कुजबुज. शिट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर असं कुणी उलटून बोललं नव्हतं.

तेवढ्यात मागून मिस्त्री उठले. चालत्या बसमध्ये, दांडीला धरून.

"अहो साहेब," ते म्हणाले, "ती पोरगी रोज या रस्त्याने येते. ती बंद म्हणते तर बंदच असणार. तिला खोटं बोलून काय मिळायचंय?" आणि मग म्हणाले, "माझी मुलगी आहे ती. मी वाढवलीय."

गृहस्थ ओशाळले, खाली बसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. आणि शिट्टी माईक हातात धरून पुतळा! इतक्या दिवसांनी बाप तिच्या बाजूने उभा राहिला होता, तोही अशा जागी. तिथे ती काय बोलणार होती? 'बाबा, बसा खाली, ते साहेब खरं बोलतायत' म्हणणार होती? नाहीच बोलता आलं तिला. तिच्या जागी मी असते तर मलाही बोलता आलं नसतं, आणि मी तर कुणाला भीत नाही.

बस तळ्याच्या फाट्यावरून परत फिरली.

त्या दिवसापासून त्या घराचं रूपच पालटलं. मिस्त्री माझ्या दारातल्या बाकावर येऊन बसायला लागले आणि येणाऱ्या जाणाऱ्याला धरून तो किस्सा सांगायला लागले. "दरड कोसळली होती पुढे. आमच्या पोरीने वेळेवर बस वळवली, नाहीतर अडकलोच होतो सगळे. आणि एक शहाणा फोन दाखवतोय तिला!" इस्त्रीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला दोनदा. किस्सा दर वेळी थोडा वाढायचा. दगड आधी गाडीएवढे होते, मग खोलीएवढे झाले. ज्या माणसाच्या तोंडून दिवसात चार वाक्यं निघायची, त्याच्या तोंडाचा पट्टा चालू झाला, तोही पोरीच्या कौतुकाचा. मी म्हटलं, देव पावला.

आणि संध्याकाळी ती कामावरून आली की जिन्यात पाय ठेवतानाच वरून विचारायचे, "काय गं, उघडला का रस्ता?"

"नाही बाबा, अजून नाही," ती म्हणायची.

"दगडाचं काम आहे, वेळ लागायचाच," ते म्हणायचे, आणि मग दोघांचं बोलणं सुरू व्हायचं. आज कोण आलं, कोण भांडलं, कुणाला ओकारी झाली. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला बोलायला काहीतरी निमित्त लागतं, ते हे. 'उघडला' म्हणावं तर पुढचे शंभर प्रश्न. कधी उघडला, कुणी उघडला, दगड कुठे टाकले. मिस्त्रीच ते, विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. त्यापेक्षा 'अजून नाही' सोपं. असं करता करता एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. मिस्त्रींचे गुडघे आणखी धरले. जिना उतरायचा म्हणजे एकेक पायरी देवाचं नाव घेऊन.

एका दुपारी बाकावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आता रस्ता उघडला तरी काय उपयोग? बसची पायरी चढवत नाही मला."

मी म्हटलं, "एवढं काय आहे हो त्या तळ्यात? पाणीच ना? नळाला येतं तेच."

तेव्हा त्यांनी सांगितलं. तळ्याचा कठडा त्यांनी बांधलेला. तरुणपणी, लग्नाआधी. उस्तादाच्या हाताखालून सुटून स्वतःच्या अंगावर घेतलेलं पहिलं काम. एकेक दगड स्वतः घडवून बसवलेला. "त्या दिवशी पोरीला तिथे उभी करून सांगणार होतो," ते म्हणाले, "की बाई, तू रोज जिथे उभी राहून लोकांना बोलतेस ना, ते मी बांधलंय. म्हणजे आपल्या दोघांचं कामाचं ठिकाण एकच झालं. मी उगाच तुझ्या कामाला नावं ठेवली." मग म्हणाले, "इथे घरात बसून ते सांगता येत नाही हो. तिथेच सांगायला पाहिजे."

माझा तीळ काही भिजला नाही. संध्याकाळी ती आली तशी मशीन थांबवून मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तिने गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली.

"काकू," ती म्हणाली, "मी लोकांना सांगते तो राजाने बांधला."

आणि मग रडत रडत दरडीचं सांगितलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मी खवळले. जे तोंडात आलं ते बोलले. "अगं भवाने, परक्यांना फसवलंस ते फसवलंस, पण बाप रोज रस्ता विचारतोय आणि तू रोज त्याच्या तोंडावर बंद म्हणतेस? जीभ कशी रेटली?" ती काही उलट बोलली नाही. तिने उलट बोलायला हवं होतं, मग मला जास्त बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी गाडी करून नेते त्यांना. उचलून बसवीन. तिथेच सगळं सांगेन." मी म्हटलं, आत्ता कशी शहाण्यासारखं बोललीस.

पुढच्या सहलीला तळं कापलं नाही. ड्रायव्हरने मान हलवली तरी हिने कापू दिलं नाही. वडलांनी घडवलेले दगड आधी आपण नीट बघावेत, हात लावून बघावेत, असं तिच्या मनात होतं. दर आठवड्याला त्यावर पाय ठेवून उभी राहायची, पण कठडा बघितला कधी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मधे दीड-दोन महिने लागोपाठ उशीर झाल्याने तळ्याकडे जाणं झालं नव्हतं. बस पोचली, ही सगळ्यांच्या आधी उतरली.

कठडा नव्हता. काठाला चकचकीत लोखंडी नळ्यांचं कुंपण आणि फोटो काढायला एक रंगीत चौकट. तिथल्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "तोडला की गेल्या महिन्यात. मशीन लावूनसुद्धा निघेना, फार दिवस खाल्ले त्याने." दगड कुठे गेले, तर भरावात.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "काकू, वर चला. मला एकटीला जमणार नाही."

मी म्हटलं, "कठड्याचं सांगू नकोस. रस्ता बंदच राहू दे आता." हो, मीच म्हटलं. म्हातारा माणूस, कशाला? पण ती म्हणाली, "नाही. आता आणखी नाही." बापावर गेलेली, दुसरं काय.

मिस्त्री खिडकीशी बसले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "उघडला का रस्ता?" आणि तिने सांगितलं. सगळं. दरड कोसळलीच नव्हती. रस्ता कधी बंदच नव्हता. आज जाऊन आले, कठडा पाडलाय, गेल्या महिन्यापर्यंत होता. ज्या दिवशी तुम्ही आलात त्या दिवशी होता.

मला वाटलं, आता हा माणूस कठड्यासाठी रडेल. नाही. खिडकी ओढून लावली. मग म्हणाले, "म्हणजे त्या फोनवाल्या साहेबांचं खरं होतं."

"हो बाबा."

"मी त्यांना सगळ्यांदेखत खाली बसवलं गं."

कठड्याबद्दल एक शब्द नाही. ती पायाशी बसून "चुकले बाबा, चुकले" म्हणत राहिली, त्यांनी तिच्या डोक्यावर हातही ठेवला. पण हात ठेवायचा म्हणून ठेवला, ते मला दिसलं. मी खाली आले आणि मशीनवर नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून 'उघडला का रस्ता' बंद. भांडण नाही, रुसवा नाही. जेवलीस का, दार लावलंस का, सगळं बोलतात. बाकावर येऊन बसतात, पण किस्सा नाही. कुणी विषय काढलाच तर गुडघे दाबत बसतात. शिट्टीने आता तळं कापणं सोडलंय, त्यावरून मालकाशी खटके उडतात. राजाची गोष्टही सोडली. नळ्यांच्या कुंपणाशी उभी राहून लोकांना सांगते, इथे माझ्या वडलांनी बांधलेला कठडा होता. लोक मान डोलावतात आणि त्या रंगीत चौकटीत फोटो काढायला पळतात.

परवा वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. त्यातला गृहस्थ माझ्याकडे सदऱ्याला बटण लावून घ्यायला बसला होता, मिस्त्री बाकावर होते. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि त्याला उगाच हुरूप आला. "अहो, मिस्त्रींचा दरडीचा किस्सा ऐकलात का? सांगा की मिस्त्री!"

मी म्हटलं, "जाऊ दे रे, तुझे कपडे मोज आणि नीघ." पण तेवढ्यात शिट्टी कामावरून आली. पायरीशी थबकली. मिस्त्रींनी तिला बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक.

आणि मिस्त्रींनी किस्सा सांगितला. सगळा सांगितला, दगडसुद्धा खोलीएवढे सांगितले. पोरीने वेळेवर बस कशी वळवली, फोनवाल्याला कसं गप्प बसवलं, लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. घरमालकाच्या तोंडावर भिंत वाकडी म्हणणारा माणूस तो. माझ्या हातातलं बटण सुटून खाली पडलं.

"मग आता उघडला असेल ना रस्ता?" नव्या गृहस्थाने विचारलं. "आम्हालाही तळं बघायचंय."

"नाही अजून," मिस्त्री म्हणाले. "पण माझ्यावर विश्वास नको. ही बघा माझी मुलगी, रोज तिकडेच असते. तिला विचारा."

गृहस्थ तिच्याकडे वळले. मिस्त्री खाली मान घालून गुडघे चोळत होते. तिने एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बंद आहे," ती म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.